खुर्चीतल्या माणसाची चौकशी

चार दिवस झाले तरी खेळात आक्षेपार्ह असं काहीच सापडेना, तेव्हा मापकाकांची खात्री पटली की यात मोठं काळंबेरं आहे.

ही खात्री एकतीस वर्षांच्या नोकरीतून आलेली होती. मापकाका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ज्या दुकानात तराजू पहिल्या झटक्यात बिनचूक निघतो, नेमका त्याच दुकानात पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलेला असतो, हा त्यांचा सिद्धांत. आता चुंबक कधी सापडला नाही, ही गोष्ट वेगळी. त्यावरून दुकानदार किती पोचलेला आहे एवढंच सिद्ध होई. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मोजपट्टी खिशातून गेली नव्हती आणि घरात येणारं दूध आधी मोजपात्रात ओतल्याशिवाय पातेल्यात जात नव्हतं. इमारतीतले लोक त्यांना तोंडावर ‘साहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘मापकाका’.

अशा माणसाला खेळ वर्गीकरण मंडळाने हुडकून काढलं नसतं तरच नवल. कोणता व्हिडिओ गेम कोणत्या वयाच्या माणसाने खेळावा, हे ठरवणारं हे मंडळ. त्यांना ‘जबाबदार व निःपक्षपाती ज्येष्ठ नागरिक’ हवे होते. मापकाकांनी जन्मात एकही गेम खेळला नव्हता, त्यामुळे निःपक्षपातीपणाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. मंडळाने त्यांना टीव्हीला जोडायचा एक काळा डबा दिला, बटणांनी खच्चून भरलेला एक कंट्रोलर दिला आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र दिलं. डबा आणि कंट्रोलर पहिले आठ दिवस कपाटात होते. ओळखपत्र मात्र ते भाजी आणायला जातानाही घालत.

प्रत्येक खेळासाठी ‘नमुना सात’ नावाचा एक तक्ता भरायचा असे. हा तक्ता कोणी तरी पंचवीस वर्षांपूर्वी तयार केला होता. त्या काळात खेळांतल्या बायकांना दोनच कामं असत. एक, थंडीवाऱ्यात अपुऱ्या कपड्यांनी उभं राहायचं. दोन, कुणीतरी पळवून नेईपर्यंत वाट पाहायची आणि नेल्यावर कुणीतरी सोडवेपर्यंत पुन्हा वाट पाहायची. त्यामुळे तक्त्यात रकानेही तसेच होते. स्त्रीपात्राचं अंग किती टक्के झाकलेलं आहे? तिला कोण पळवतं? तिची सुटका कोण करतं?

मापकाकांचं पहिल्याच खेळाच्या वेळी मंडळात नाव झालं होतं. त्या खेळात एक योद्धी होती. पाठीवर तलवार, पायात गुडघ्यापर्यंत बूट आणि अंगात असं चिलखत की खांदे झाकलेले, मनगटं झाकलेली आणि पोट सगळं उघडं. दुसऱ्या कुणी यात अश्लीलता पाहिली असती. मापकाकांनी पडद्याला मोजपट्टी लावली, आकडेमोड केली आणि अहवालात लिहिलं, ‘चिलखत फक्त अडतीस टक्के अंग झाकते. युद्धावर जाणारी स्त्री पोट उघडे टाकून आपणहून निघेल हे संभवत नाही. चिलखत बनवणाऱ्याने पत्र्याचे माप मारले आहे. त्याच्यावर कारवाई व्हावी.’ मंडळात हा अहवाल मोठ्याने वाचण्यात आला. सभासद हसून लोळले, हे मापकाकांना कुणी सांगितलं नाही. त्यांना फक्त अभिनंदनाचं पत्र आलं.

आणि आता हा चौथा खेळ. नाव ‘पंप नंबर चार’. नायिका छप्पन्न वर्षांची, शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणारी. अंगात जाडाभरडा स्वेटर, वर रबरी कोट, पायात गमबूट, डोळ्यांवर चष्मा. शहराचं पाणी एकाएकी बंद झालेलं असतं. वरिष्ठ साहेब लोक बैठका घेत असतात आणि ही बाई हातात पाना घेऊन पाइपलाइन शोधत हिंडते. जिना चढताना गुडघा धरून थांबते. बस्स. तलवार नाही, राक्षस नाही, राजपुत्र नाही.

मापकाकांनी मोजपट्टी लावली. शहाण्णव टक्के. पुन्हा लावली. पुन्हा शहाण्णव.

“हे कसं शक्य आहे?” ते म्हणाले.

“चेहरा आणि हात उघडे असतील,” काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होत्या. कामापुरतं बोलायचं आणि मधल्या वेळात ऐकत राहायचं, ही सवय त्यांना तिथेच लागली होती.

खेळ पुढे न्यायचा म्हणजे तो खेळता यायला हवा, आणि इथे मापकाकांची प्रतिष्ठा धोक्यात आली. त्यांच्या हाती पडल्यावर ती कर्तबगार बाई भिंतीला तोंड करून चालायला लागे. दोन दिवसांत त्यांनी तिला गाळाच्या टाकीत अकरा वेळा पाडलं. बाराव्या वेळी ती पडण्याआधी थांबून त्यांच्याकडे पाहते आहे असा त्यांना भास झाला, आणि तशी नोंद त्यांनी वहीत करून ठेवली.

समोरच्या ब्लॉकमध्ये एक दातांचे डॉक्टर राहात. त्यांना दवाखान्यात पेशंट तोंड उघडून पडलेले असताना बोलायची सवय होती, त्यामुळे समोरचा माणूस उत्तर देऊ शकतो ही कल्पनाच त्यांना नव्हती.

“साहेब, मी सांगतो,” ते म्हणाले, “या लोकांची युक्ती असते. पहिले दहा तास सगळं सभ्य. तुमच्यासारखा माणूस कंटाळून सही करतो. आणि अकराव्या तासाला कोट उतरतो! तुम्ही लक्ष ठेवा. हवं तर मीही येऊन बसतो. माझं काय, समाजकार्यच आहे.”

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांचं मत याहून गंभीर होतं. “त्या बाईला चष्मा का दिलाय, विचार केलात? त्या चष्म्यातून ते तुमच्या घरात बघतात. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीत एकाचं असंच सगळं गेलं.” काय गेलं ते त्यांनी सांगितलं नाही. मापकाकांनी त्या दिवसापासून बनियनवर टीव्हीसमोर बसणं बंद केलं.

तेवढ्यात मंडळाच्या कचेरीतून फोन आला. तिथल्या लिपिक बाई आवाजानेच माणसाला रांगेत उभं करत.

“तुमचा नमुना सात आला नाही. शुक्रवार शेवटचा.”

“अहो, यात रकाना सहा आणि सात भरता येत नाहीत. नायिकेला कुणी पळवतच नाही.”

“रकाना रिकामा चालत नाही. कॉम्प्युटर घेत नाही.”

“मग ‘लागू नाही’ लिहितो.”

“तेही घेत नाही. नाव लागतं. पळवणाऱ्याचं नाव आणि सोडवणाऱ्याचं नाव.”

“पण नाहीच पळवलं तर?”

“मग पळवेपर्यंत खेळा,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता आली का पंचाईत? टाकीच्या पलीकडे जाता येईना आणि पलीकडे गेल्याशिवाय बाई पळवली जाईना. मापकाका कपाळाला हात लावून बसले. काकूंनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं, हात पुसले आणि म्हणाल्या, “आणा बघू इकडे.”

मापकाका हसले. पण तीस वर्षं न बघता बटणं दाबलेली ती बोटं. पाच मिनिटांत बाई टाकीवरून पलीकडे गेली, अर्ध्या तासात तिने पहिला व्हॉल्व्ह उघडला आणि जेवायच्या वेळेपर्यंत शहराच्या एका वस्तीत पाणी आलं. नळाची धार सुरू झाली तेव्हा काकू इतक्या मनापासून हसल्या की मापकाकांना संशय आला. हिला हे आधीपासून येत होतं काय?

मग रोज दुपारी हाच क्रम झाला. काकू सोफ्यावर कंट्रोलर घेऊन बसत. मापकाका आपल्या खुर्चीत मोजपट्टी आणि वही घेऊन बसत. डॉक्टर दवाखाना बंद करून समाजकार्याला येत. अकरावा तास उलटला, बारावा उलटला. कोट काही उतरला नाही. उलट बाईला थंडी वाजली तेव्हा तिने वर मफलर गुंडाळला. डॉक्टर उघडपणे खट्टू झाले.

आणि तेराव्या तासाला ती बाई घरी गेली.

घर साधंच. दोन खोल्या, पंखा, खिडकीपाशी एक खुर्ची. खुर्चीत एक चष्मेवाला म्हातारा गृहस्थ. काकूंनी बाईला त्याच्याजवळ नेलं आणि बटण दाबलं.

“कोण आलं होतं?” गृहस्थ म्हणाला.

काकूंनी पुन्हा दाबलं.

“माझा चष्मा पाहिलास का?”

चष्मा त्याच्या नाकावरच होता. काकूंनी तिसऱ्यांदा दाबलं.

“आज उशीर केलास.”

चौथ्यांदा दाबलं, तर पुन्हा “कोण आलं होतं?” सुरू झालं. एवढीच तीन वाक्यं त्याला दिलेली होती. शहराचं पाणी गेलंय, बायको गाळात उतरून आलीय, गमबुटांतून पाणी गळतंय, आणि हा पठ्ठ्या खुर्चीत बसून तीनच वाक्यं आळीपाळीने म्हणतोय.

मापकाकांचे कान लाल झाले. कारण त्याच दिवशी सकाळी त्यांनी काकूंना चष्मा विचारला होता, आणि तो त्यांच्या कपाळावर होता. डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

“साहेब,” ते म्हणाले, “माझ्या घरातल्या गोष्टी तुमच्या टीव्हीवर कशा आल्या? आमच्या हिने इथे येऊन काही सांगितलं का? ‘आज उशीर केलास’ हे माझं वाक्य आहे!”

“तुमचं? खुर्ची बघा. उशी एका बाजूला दबलेली आहे. ही माझी खुर्ची आहे!”

“दबलेली उशी प्रत्येकाची असते,” डॉक्टर म्हणाले आणि चप्पल पायात न घालता हातात घेऊन निघून गेले. संध्याकाळी त्यांच्या ब्लॉकमधून बराच वेळ मोठमोठ्याने आवाज येत होते. त्यांत ‘कोण आलं होतं?’ हे वाक्य दोनदा ऐकू आलं.

मापकाकांना आता नमुना सातचं काही वाटेना. कुणी तरी घरातली बातमी बाहेर दिली होती, आणि घरात माणसं दोनच होती. त्यांतले एक ते स्वतः. उरलं कोण? चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ते काकूंकडे संशयाने पाहू लागले. काकू आठवड्यातून दोनदा वाचनालयात जात. खरंच वाचनालयात? त्यांनी एकदा पुस्तकावरचा शिक्का तपासला. तारीख बरोबर होती. बरोबर होती म्हणूनच त्यांची झोप उडाली.

त्यांनी परगावी असलेल्या मुलीला फोन लावला. थेट विचारणं पद्धतशीर नसतं, म्हणून आडून विचारलं.

“काय गं, तुझी आई माझ्याबद्दल कुणाला काही सांगते का?”

“कशाबद्दल, बाबा?”

“असंच. मी खुर्चीत बसतो वगैरे.”

“त्यात सांगण्यासारखं काय आहे? सगळ्यांना माहितीय,” मुलगी म्हणाली आणि हसायला लागली. मग हसणं थांबवून म्हणाली, “बाबा, आईशीच बोला ना.” मापकाकांना हा सल्ला अजिबात आवडला नाही. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच विचारायचं असतं तर खात्यांना निरीक्षक कशाला लागले असते?

शेवटी त्यांनी मंडळाकडे रीतसर तक्रार केली. ‘सदर खेळात एका खाजगी व्यक्तीचे विनापरवाना चित्रण आहे.’ सोबत आपल्या खुर्चीचा फोटो आणि उशीची मापं जोडली. मंडळाने गुरुवारी सुनावणी ठेवली आणि खेळ बनवणारीला बोलावलं.

मापकाका इस्त्रीचे कपडे आणि ओळखपत्र घालून गेले. खेळ बनवणारी तिशीतली, शांत मुलगी होती. तिच्यासमोर कागदांचा गठ्ठा होता.

“काका, तुमची तक्रार सव्विसावी आहे,” ती म्हणाली. “खेळ फक्त तपासणीला पाठवलाय, बाजारात गेलेलासुद्धा नाही. तीस ठिकाणी पाठवला. सव्वीस तक्रारी आल्या. नऊ जणांनी खुर्चीचे फोटो लावलेत.”

तिने फोटो टेबलावर पसरले. नऊ खुर्च्या, नऊ उशा. सगळ्या एकाच बाजूला दबलेल्या.

“मग ही वाक्यं आली कुठून?” मापकाका म्हणाले.

“आम्ही कामावर जाणाऱ्या दोनशे बायकांना एकच प्रश्न विचारला. घरी आल्यावर पहिलं वाक्य काय ऐकू येतं? ही तीन सर्वांत जास्त आली.” तिने फोटो गोळा केले. “मी लहानपणी खेळायचे ना, तेव्हा खेळातल्या बाईला दोन-तीन वाक्यंच असायची. ‘वाचवा’ आणि ‘धन्यवाद’. बाकी वेळ ती एका जागी उभी. म्हटलं, बाईला काम देऊ. मग उभं कुणाला करायचं, तर याला निदान बसायला खुर्ची दिली.”

लिपिक बाई खाली मान घालून टिपणं लिहीत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

“त्या दोनशे जणींत,” मापकाकांनी घसा खाकरला, “आमच्या मंडळी होत्या का?”

“नावं आम्ही ठेवलेली नाहीत, काका.”

तक्रार निकालात निघाली. जाता जाता लिपिक बाईंनी त्यांच्याकडून रकाना सहा आणि सात भरून घेतले. ‘कोण पळवतो’ आणि ‘कोण सोडवतो’, दोन्हीकडे मापकाकांनी ‘स्वतः’ असं लिहिलं. कॉम्प्युटरने ते बिनतक्रार घेतलं. वयोगटाच्या जागी त्यांनी ‘सर्वांसाठी’ लिहिलं, खोडलं आणि ‘विवाहित पुरुषांनी जपून’ असं लिहिलं. ते मात्र लिपिक बाईंनी पुन्हा खोडलं.

मापकाका पायीच घराकडे निघाले. सव्वीस माणसांत आपण एक, यात खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांना वाईट वाटत होतं, आणि चालताना त्याचं कारण त्यांना कळलं. जगाने त्यांना तीन वाक्यांचा माणूस म्हटलं असतं तर त्यांनी जगावर तक्रार केली असती. पण काकूंच्या मनात तसं असेल तर तक्रार कुठे करायची? तो माणूस मी नाही, एवढं एकदा तिच्या तोंडून त्यांना ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं.

घरी आले तेव्हा भर दुपार होती. दार लोटलेलं होतं. काकू सोफ्यावर बसल्या होत्या आणि खेळातली बाई त्या खिडकीपाशी, खुर्चीजवळ उभी होती. काकू बटण दाबत होत्या. कोण आलं होतं. माझा चष्मा पाहिलास का. आज उशीर केलास. कोण आलं होतं.

“हे काय चाललंय?” मापकाका खुर्चीत बसत म्हणाले. “पाणी आलं ना सगळ्या शहरात?”

“पाणी सोमवारीच आलं.”

“मग?”

“टेलिफोनवर असताना कसं व्हायचं,” काकू म्हणाल्या, “लाइन लागत नसली तरी आम्ही लावत राहायचो. कधी तरी लागते. म्हटलं, हाही कधी तरी चौथं वाक्य बोलेल. रोज दहा-पंधरा मिनिटं बघते.”

“आणि?”

“अजून तरी नाही.” त्यांनी पुन्हा दाबलं.

टीव्हीकडे बघत, वहीची पानं उगाच चाळत मापकाकांनी विचारलं, “खरं सांग. मला वाईट वाटणार नाही. तो मी आहे का?”

काकूंनी प्रश्नाचा नीट विचार केला. पडद्यावरच्या गृहस्थाकडे पाहिलं, मग मापकाकांकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

“छे हो. तो तुम्ही कसे असाल?”

मापकाकांची छाती इंचभर फुगली.

“मी जवळ गेले की तो मान वर करून बघतो,” काकू म्हणाल्या.

मापकाका वहीच्या पानावर बोट ठेवून तसेच बसून राहिले. आपण या क्षणीही वहीतच बघतोय, हे त्यांना उमगायला जरा वेळ लागला. त्यांनी मान वर केली. काकूंकडे पाहिलं. मोजपट्टी न लावता, संशय न धरता, नुसतं पाहिलं. आणि पाहता पाहता ते गोंधळले, कारण काही तरी वेगळं होतं. डोक्याच्या मागे अंबाडा असायचा, तो नव्हता. केस मानेपर्यंतच होते.

“अगं, केस कधी कापलेस तू?”

“गेल्या वर्षी,” काकू म्हणाल्या. “तेव्हा तर कानापर्यंत होते.”

वर्षभर. रोज समोर. एकतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या तराजूतला गुंजभर फरक पकडला, त्या माणसाला लाज वाटली, आणि ती लपवायचंही त्याला सुचलं नाही.

“का गं कापलेस?” त्यांनी विचारलं.

काकूंचं बोट बटणावर थांबलं. पडद्यावरचा गृहस्थ मान वर करून बघत राहिला. काकूंनी कंट्रोलर बाजूला ठेवला, पाय वर घेऊन मापकाकांकडे वळून बसल्या आणि म्हणाल्या, “आलं. चौथं आलं.”

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. सांगण्यासारखं बरंच होतं.